डिस्नेचा टाइमशेअर घ्यायचा का? आधी स्वतःच्या सुट्ट्या मोजा

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑर्लँडोहून भाच्याचा फोन आला. आवाज दबका, मागे पोरांचा गलका. "मामी, आम्ही डिस्नेच्या टाइमशेअरच्या ऑफिसात बसलोय. दीडशे पॉइंट्स, दहा वर्षांचे हप्ते. बाई खूप छान समजावून सांगतायत, आणि सवलत थोडेच दिवस आहे. सही करू का?"

मी म्हटलं, "आज नको. कागद घे, त्या बाईंचा नंबर घे आणि पोरांना पोहायला घेऊन जा. घरी आलास की बसू."

मी हिशेब तपासण्याच्या कामात वीस वर्षं आहे. न्यू जर्सीत आमच्या एडिसनला राहणाऱ्या निम्म्या ओळखीच्यांनी कधी ना कधी हा प्रश्न विचारलाय: टाइमशेअर, म्हणजे दर वर्षी काही दिवस सुट्टीच्या जागी राहायचा हक्क आधीच विकत घेणं, परवडतं का? भाच्याबरोबर आम्ही तीन शनिवार बसलो. त्यात जे काढलं ते इथे सविस्तर लिहितेय.

आधी एक स्पष्ट करते. रस्त्याकडेच्या स्टॉलवर 'पार्कची तिकिटं स्वस्तात, फक्त दीड तास बसा' म्हणून जे गळ टाकतात, ते वेगळं प्रकरण. ऑर्लँडोजवळच्या किसिमीला आम्ही एकदा असे बसलो आणि दीड तासाचे चार तास झाले. तिकिटांतले वाचलेले पैसे नकोसे झाले. तिथे जाऊच नका. डिस्नेचा टाइमशेअर, म्हणजे डिस्ने व्हेकेशन क्लब, हा १९९१ पासून चालत आलेला, नियम छापील असलेला प्रकार आहे, आणि त्याचा शांत डोक्याने विचार करता येतो.

तुम्ही तिथे खोली विकत घेत नाही. दर वर्षी ठरावीक पॉइंट्स मिळण्याचा हक्क घेता (मुक्कामाचं भाडं या पॉइंट्समध्ये द्यायचं), तोही एका ठरलेल्या रिसॉर्टच्या नावाने आणि ठरलेल्या तारखेपर्यंत. ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यासारखंच, फक्त मुदत कमी. ओल्ड की वेस्ट हे पहिलं रिसॉर्ट. त्याचे मूळ करार आणि बोर्डवॉक, बीच क्लब यांचे करार जानेवारी २०४२ ला संपतात. सॅराटोगा स्प्रिंग्ज २०५४, ॲनिमल किंगडम व्हिलाज २०५७, रिव्हिएरा २०७०. त्या दिवसानंतर हातात काहीही उरत नाही. त्यामुळे 'मुलांसाठी प्रॉपर्टी होईल' हा विचार पहिल्याच दिवशी काढून टाका. मुलांना मिळाले तर उरलेल्या वर्षांचे पॉइंट्स मिळतील, आणि त्यांच्याबरोबर दर वर्षीचा मेंटेनन्सही, म्हणजे देखभालीचा खर्च.

आता मुख्य गोष्ट, कॅलेंडर. ज्या रिसॉर्टचे पॉइंट्स तुमचे आहेत तिथलं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, बाकीच्या रिसॉर्टचं सात महिने आधी. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण सगळा व्यवहार या दोन आकड्यांवर उभा आहे. आमच्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी शाळा गुरुवार-शुक्रवार बंद असतात. निम्मं न्यू जर्सी त्या आठवड्यात डिस्नेला जातं. तिकडे त्याला 'जर्सी वीक' असंच म्हणतात. त्या आठवड्यात साधा स्टुडिओ, म्हणजे एकच खोली, हवी असेल तर आदल्या डिसेंबरात बुकिंग करावं लागतं. सात महिन्यांच्या खिडकीला, म्हणजे एप्रिलमध्ये, तुम्ही जागे झालात तर उरलेल्या खोल्या बघायच्या. नाताळाच्या आठवड्याचं तर बोलायलाच नको.

म्हणून भाच्याला पहिल्या शनिवारी मी पैशांबद्दल एक अक्षर बोलू दिलं नाही. एक वही दिली आणि सांगितलं, मागच्या पाच वर्षांतल्या सगळ्या मोठ्या सुट्ट्या लिही. कुठे गेलात, किती दिवस, आणि नक्की कधी ठरलं. तुम्हीही हेच करा. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळं लिहा, मग ताडून पाहा.

त्याची वही अशी निघाली. दोन उन्हाळे भारतात. एक उन्हाळा त्याचे आई-वडील इकडे आले म्हणून घरी. एका डिसेंबरात बायकोच्या बहिणीचं लग्न, नाशिकला. एकदा ऑर्लँडो, तेही सात आठवडे आधी ठरवलेलं. पाच वर्षांत अकरा महिने आधी ठरलेली एकही सहल नव्हती. आपल्यासारख्यांची सुट्टी मुळातच आधी वाटली गेलेली असते. वर्षाला मिळणाऱ्या पंधरा-वीस दिवसांतले निम्मे भारताच्या नावावर असतात, आणि आई-वडील सत्तरीच्या पुढे गेले की उरलेले दिवसही हाताशी राखून ठेवावे लागतात. माझे वडील आजारी पडले त्या वर्षी मी तीनदा सांगलीला गेले. त्या वर्षी माझ्याकडे असे पॉइंट्स असते तर मी त्यांचं काय केलं असतं?

वडिलांवरून आठवलं. त्यांनी १९९६ साली भारतातल्या एका कंपनीची अशीच हॉलिडे मेंबरशिप घेतली होती, दर वर्षी थंड हवेच्या ठिकाणी एक आठवडा. आम्हा मुलांना सुट्टी मे महिन्यात. मे महिन्यात जागा कधीच नसायची. जुलैत मिळायची, धुक्यात आणि पावसात. सहा-सात वर्षांत आम्ही दोनदा गेलो असू, मेंटेनन्सची पत्रं मात्र न चुकता यायची. शेवटी त्यांनी पत्रं उघडणंच सोडलं. शिक्षकाच्या पगारातले पैसे होते ते. तेव्हापासून मी कुठल्याही टाइमशेअरमध्ये सर्वात आधी एकच बघते: आपल्याला सुट्टी असते तेव्हा जागा मिळते का?

पॉइंट्स वाया जाऊ नयेत म्हणून सोयी आहेत. या वर्षीचे पुढच्या वर्षात टाकता येतात, पुढच्या वर्षीचे आधी वापरता येतात. पण पुढे टाकायचे असतील तर तुमच्या पॉइंट-वर्षाच्या (तुमचे पॉइंट्स जमा होतात त्या महिन्यापासून मोजायचं वर्ष) पहिल्या आठ महिन्यांतच टाकावे लागतात. विसरलात की गेले. बुकिंग रद्द करायची वेळ आली तर एकतीस दिवस आधीपर्यंत पॉइंट्स जसेच्या तसे परत. त्यानंतर रद्द केलं तर ते फक्त साठ दिवसांच्या आत असलेल्या मुक्कामाच्या बुकिंगला चालतात, आणि अगदी ऐन वेळी रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही. घरात असल्या तारखा सांभाळणारं कुणीतरी हवं. आमच्या घरी ती मी आहे, म्हणून सांगते: ते काम वाटतं त्यापेक्षा जास्त आहे.

दुसऱ्या शनिवारी पैसे. कागदावर साधा हिशेब मांडा. सॅराटोगा स्प्रिंग्जचे १५० पॉइंट्स रीसेलमध्ये, म्हणजे जुन्या मालकाकडून, पॉइंटला १०० डॉलरने मिळाले असं धरा. झाले १५,००० डॉलर. कागदपत्रांचा खर्च वेगळा. करार संपायला २९ वर्षं उरली असं धरा. हेच पैसे बँकेत ४ टक्क्यांनी राहिले असते असं समजून, गृहकर्जाचा हप्ता काढतो तसा २९ वर्षांचा वार्षिक हप्ता काढला तर सुमारे ८८० डॉलर येतो, म्हणजे पॉइंटला जेमतेम ६. त्यात वार्षिक मेंटेनन्स पॉइंटला ९ डॉलर मिळवा. पॉइंट पडला १५ ला. तेवढेच पॉइंट्स थेट कंपनीकडून २२० च्या भावाने घेतले तर ३३,००० डॉलर. त्याच पद्धतीने पॉइंटला १३, अधिक मेंटेनन्स ९, म्हणजे २२. आणि काहीच विकत न घेता एखाद्या मालकाचे पॉइंट्स भाड्याने घेतले तर साधारण २० डॉलर. तुमच्या दिवसाचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा. भाव बदलतात, रीत तीच राहते. मेंटेनन्स दर वर्षी वाढतो, पण भाडंही वाढतं, म्हणून वाढ मी दोन्ही बाजूंनी सोडून दिली.

रीसेलचे १५ आणि भाड्याचे २० पाहून भाचा खूश झाला. मी त्याला वही परत दाखवली. १५ हा भाव सगळे पॉइंट्स दर वर्षी वापरले तरच खरा. तीन वर्षांतून एका वर्षाचे वाया गेले की तोच पॉइंट साडेबावीसला पडतो. नको असलेले पॉइंट्स तुम्हीही भाड्याने देऊ शकता, पण त्यासाठीही वेळ आणि चिकाटी लागते.

कर्ज काढून तर घेऊच नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. ३३,००० डॉलर ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४५५ डॉलर आणि एकूण भरणा साडेचौपन्न हजारांच्या घरात. सुट्टीसाठी कुणी एवढं व्याज भरू नये.

घ्यायचंच ठरलं तर रीसेलकडे आधी बघा, पण त्यातल्या मेखा समजून घ्या. १९ जानेवारी २०१९ पासून रीसेलने घेतलेले पॉइंट्स जुन्या चौदा रिसॉर्टपैकी असतील तर त्या चौदांमध्येच चालतात, रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टमध्ये नाही. रिव्हिएराचे रीसेलने घेतले तर फक्त रिव्हिएरालाच चालतात. शिवाय तुमचा सौदा ठरल्यावर डिस्नेला तीस दिवसांत त्याच भावाने तो स्वतः उचलण्याचा हक्क असतो, म्हणजे महिनाभर अधांतरी राहायची तयारी ठेवा. आणि जिथे राहायला आवडेल तिथलेच पॉइंट्स घ्या. स्वस्त मिळाले म्हणून दुसरीकडचे घेऊन सात महिन्यांच्या खिडकीवर भिस्त ठेवणाऱ्यांची निराशा मी पाहिली आहे.

एक गोष्ट विक्रीच्या टेबलावर कुणी काढत नाही, कारण ती आपलीच आहे: व्हिसा. भाचा एच-वन-बीवर आहे, ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी किती लांब आहे ते सगळ्यांना माहीत आहे. उद्या पुण्याला परतावं लागलं तर २०५४ पर्यंतचा मेंटेनन्स तिथूनही भरावाच लागेल. तिकडून पॉइंट्स विकायला काढले तर विकणारा परदेशी ठरतो, आणि विक्रीच्या रकमेतले १५ टक्के करापोटी आधी कापून ठेवले जातात. विवरणपत्र भरून परताव्याची वाट बघायची. ज्यांचं इथलं राहणं पक्कं झालेलं नाही त्यांनी थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं सगळं लिहिलं म्हणून ती जागा वाईट असं मुळीच नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात सासू-सासरे ठाण्याहून आले होते तेव्हा आम्ही ॲनिमल किंगडमच्या किडानी व्हिलेजला एका मालकाचे पॉइंट्स भाड्याने घेऊन पाच रात्री राहिलो. सासूबाई सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत बसायच्या आणि समोर जिराफ चरत असायचे. एक बेडरूमच्या घरात पूर्ण स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं मशीन असतं. आम्ही सामानात कुकर, तांदूळ, मुगाची डाळ आणि गोडा मसाला नेला होता. दुपारच्या उन्हात पार्कमधून परत यायचं, वरण-भात खायचा, झोपायचं, संध्याकाळी पुन्हा जायचं. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर या स्वयंपाकघराची किंमत कुठल्याही एक्सेलमध्ये बसत नाही. एके रात्री खाली 'साना' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये नान आणि चटण्यांचं ताट घेतलं, सासऱ्यांनी ते दुसऱ्यांदा मागवलं. पॉइंट्सवर राहिलं की खोलीच्या भाड्यावरचा साडेबारा टक्के करही लागत नाही. मात्र रोजची साफसफाई नसते, आणि पार्कची तिकिटं यात येत नाहीत. ती वेगळी काढावी लागतात, आणि चौघांची रक्कम मोठी होते.

तेव्हा विकत घेण्याआधी दोनदा भाड्याने राहा. एकदा स्टुडिओत, एकदा एक बेडरूममध्ये. एक बेडरूमला साधारण दुप्पट पॉइंट्स लागतात, त्यामुळे तुम्हाला नक्की किती पॉइंट्स हवेत हे राहिल्याशिवाय कळत नाही. अनेक जण स्टुडिओच्या हिशेबाने घेतात आणि मुलं मोठी झाली की अपुरे पडतात. भाड्याचं बुकिंग रद्द केलं तर बहुधा पैसे परत मिळत नाहीत, आणि ते मालकाच्या खात्यातून चालतं. म्हणून नावाजलेल्या दलालामार्फत, लेखी करार करूनच घ्या.

आणि हे वाचायच्या आधीच सही करून बसला असाल तर घाबरू नका, पण आजच कागद काढा. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे सही केल्यापासून किंवा शेवटचा कागद हातात आल्यापासून, यातलं जे नंतर असेल तिथून दहा दिवसांत करार रद्द करता येतो. हा हक्क सोडून देतो असं कुणी लिहून घेतलं तरी ते चालत नाही. रद्द करायचं ते लेखी. कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते करारातच छापलेलं असतं. पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. दहा दिवसांत शनिवार-रविवारही धरले जातात.

भाच्याने घेतला नाही. तिसऱ्या शनिवारी त्याने आणि भाचेसुनेने वहीत पुढची तीन वर्षं लिहिली. भारत, आई-वडील, नात्यातली एक मुंज आणि एका कोपऱ्यात नोव्हेंबरचा एक आठवडा. त्या आठवड्यासाठी डिसेंबरातच किडानीचे पॉइंट्स भाड्याने घेऊन ठेवले. परवा त्याचा मेसेज आला, "मामी, कुकर तुझा नेऊ का? आईचा फार मोठा आहे."