रेसिंगचा सप बोर्ड आणि पॅडल: घेण्याआधी मोजा, तोला, वल्हवून बघा

रेससाठी पहिला स्टँड-अप पॅडलबोर्ड, म्हणजे सप (उभं राहून वल्हवायचा बोर्ड), घेताना दोन चुका हमखास होतात. बोर्ड झेपेल त्यापेक्षा अरुंद घेतला जातो, आणि सगळे पैसे तिथेच संपल्यामुळे पॅडल म्हणून ॲल्युमिनियमचा जड दांडा गळ्यात पडतो. पाय डळमळत असतील तर पात्यावर जोर लागत नाही, आणि पॅडल जड असेल तर अर्ध्या रेसमध्ये खांदे बोलायला लागतात. त्यामुळे खर्चाचा क्रम उलटा ठेवा: आधी चांगलं पॅडल, मग सेकंड-हँड का होईना पण योग्य रुंदीचा बोर्ड.

लांबी

रेसमध्ये मुख्यतः दोन मापं चालतात: १४ फूट, म्हणजे ४.२७ मीटर, आणि १२ फूट ६ इंच, म्हणजे ३.८१ मीटर. लांब बोर्ड वेगवान का, याचा हिशेब सोपा आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. १४ फुटांना साधारण ५ नॉट, म्हणजे ताशी ९.३ किलोमीटर. साडेबारा फुटांना ४.७ नॉट, म्हणजे ताशी ८.८ किलोमीटर. अरुंद बोर्ड हा आकडा ओलांडतात, पण त्याच्या आसपास बोर्ड स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू लागतो आणि त्यापुढे ताशी अर्धा किलोमीटर वेग वाढवायलाही भरमसाट ताकद मोजावी लागते.

प्रौढांनी शक्यतो १४ फूटच घ्यावा. अपवाद लहान मुलांचा आणि ५५ किलोच्या आतल्या वजनाच्या लोकांचा. आडव्या वाऱ्यात लांब बोर्ड त्यांना आवरत नाही. कुठल्या रेसमध्ये कुठला वर्ग आहे, हे त्या रेसच्या नियमपत्रकात आधी वाचा. घरचा विचारही आत्ताच करा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या चार मीटरच्या आत असतात, म्हणजे बोर्ड गाडीपेक्षा लांब. तो इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडतो. दुकानात जाण्याआधी जिन्यात टेप लावून बघा.

रुंदी: खरा निर्णय इथे आहे

सपाट पाण्यावरचे अव्वल रेसर बऱ्याचदा २३ इंचांहून अरुंद बोर्डावर उभे राहतात. फोटो बघून तो आकडा आपला मानू नका. आठवड्यातून चार-पाच दिवस सराव नसेल तर २३च्या खाली जाण्यात काही अर्थ नाही. ७० किलोच्या आसपासच्या, वर्षभर नियमित वल्हवणाऱ्या माणसाला २५ ते २६ इंच बरे. नुकतीच सुरुवात असेल किंवा वजन ९०च्या पुढे असेल तर २७-२८ घ्यायला अजिबात लाजू नका.

बोर्ड अरुंद आहे की नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. ताजेतवाने असताना सगळेच तोल सांभाळतात. चाळिसाव्या मिनिटाला बघा. पायाची बोटं आवळली जात आहेत का? गुडघे ताठ झालेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्ट्रोक संपल्यावर पातं पाण्यावर आडवं टेकून तोल सावरावा लागतोय का? हे टेकू मोजा. मिनिटाला दोन-तीनदा टेकू लागत असेल तर बोर्ड एक इंचाने तरी रुंद हवा. प्रत्येक टेकूत एक स्ट्रोक वाया जातो आणि बोर्डाची गती मोडते. अरुंद बोर्डाने वाचवलेलं घर्षण त्यातच खर्ची पडतं.

इंचाचा आकडा एकटा पुरत नाही. तो सर्वांत रुंद जागेचा असतो. टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, किती रुंद आहे हे वेगळं मोजा, कारण बॉयला (रेसच्या मार्गावरच्या तरंगत्या खुणेला) वळसा घालताना तुम्ही तीन-चार पावलं मागे जाता आणि तिथे पायाखाली काय आहे त्यावर वळण ठरतं. निमुळत्या टेलवर सरळ वेग छान मिळतो, पण वळणावर अंघोळ ठरलेली.

अलीकडच्या बऱ्याच रेस बोर्डांचा डेक, म्हणजे उभं राहण्याचा वरचा भाग, खोलगट असतो. पाय काही सेंटिमीटर खाली जातात, गुरुत्वमध्य उतरतो आणि २४ इंचांचा बोर्डही बऱ्यापैकी स्थिर वाटतो. पण त्या खळग्यात पाणी साठतं. विकत घेण्याआधी डेकवर एक बादली पाणी ओता आणि ड्रेनच्या भोकांतून ते किती वेळात निघतं ते बघा. एक बादली म्हणजे दहा-पंधरा किलो. लाटांच्या रेसमध्ये ते वजन तुम्ही ओढत नेता. खोलगट डेकच्या उंच कडांवर आडवा वाराही बसतो, आणि मागे पाऊल टाकताना कडेला ठेच लागते.

पाणी कुठलं आहे?

एकाच कंपनीचे दोन बोर्ड शेजारी ठेवले की फरक कळतो. स्टारबोर्डचा स्प्रिंट सपाट पाण्यासाठी आहे, तर ऑल स्टार लाटा-वारा-सपाट सगळ्यासाठी. सपाट पाण्याच्या बोर्डाचा नोज, म्हणजे पुढचं टोक, सुरीसारखा पाणी कापतो आणि तळ जवळपास सरळ असतो. सर्व-पाण्याच्या बोर्डाचा नोज वर उचललेला आणि भरीव असतो, त्यामुळे लाटेच्या पोटात घुसला तरी वर येतो. एसआयसी कंपनीच्या बुलेटसारखे डाउनविंड बोर्ड मागून येणाऱ्या उसळीवर घसरण्यासाठी केलेले असतात. धरणाच्या निवांत पाण्यात ते आळशी वाटतात.

पवना किंवा मुळशीच्या जलाशयात पहाटे सराव करणाऱ्याने सपाट पाण्याचा बोर्ड घ्यावा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र फसगत होते. सकाळी मतलई वारे असताना समुद्र काचेसारखा असतो आणि अरुंद बोर्ड मस्त पळतो. दुपारी खारे वारे सुटले की तोच बोर्ड आडव्या उसळीवर लोळतो. किनाऱ्यावर एकच बोर्ड ठेवायचा असेल तर सर्व-पाण्याचाच ठेवा. मार्च २०२४मध्ये मंगळुरूजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर इंडिया पॅडल फेस्टिव्हल झाला. अशा उघड्या किनाऱ्यावर फुटत्या लाटांतून बाहेर पडावं लागलं, तर सुरीसारखा नोज पहिल्याच लाटेत खाली जातो.

दोन बोर्डांची तुलना

"हा हलका वाटला" यावर पैसे घालू नका. ५०० मीटर जाऊन ५०० मीटर परत असा मार्ग आखा. पाणी सगळीकडे तीन मीटरहून खोल असावं; कंबरभर पाण्यात कुठलाही बोर्ड जड चालतो. पॅडल एकच, शक्य असेल तर फिनही (बोर्डाच्या तळाला मागे बसवलेला पर) एकच. क्रम असा: पहिला बोर्ड, दुसरा, पुन्हा दुसरा, मग पहिला. यामुळे दमणूक आणि वाढत जाणारा वारा दोघांच्या वाट्याला सारखा येतो. मध्ये पाच मिनिटं विश्रांती. हृदयाचे ठोके एकाच पातळीवर ठेवा, समजा १४५. वेळ जीपीएस घड्याळावर घ्या. सात मिनिटांच्या फेरीत दोन-तीन सेकंदांचा फरक म्हणजे बरोबरीच समजा. तसं असेल तर रुंद असलेला घ्या.

वेळ लावण्याआधी प्रत्येक बोर्डावर उभं राहण्याची जागा शोधा. उचलायच्या हँडलवर दोन्ही पाय समांतर ठेवून सुरुवात करा. टेलमागे गुळगुळ आवाज येत असेल आणि पाणी ओढल्यासारखं दिसत असेल तर पाच सेंटिमीटर पुढे सरका. नोजपुढे पाण्याचा ढीग होत असेल तर मागे. मित्राला काठावरून बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. उभ्या माणसाला स्वतःची टेल दिसत नाही.

हवेचा बोर्ड

फुगवायचा रेस बोर्ड फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी रास्त पर्याय आहे, पण हवा पूर्ण हवी. बोर्डावर छापलेली कमाल मर्यादा बघून १८-२० पीएसआयपर्यंत जा. १२वर तो मधोमध वाकतो आणि प्रत्येक स्ट्रोकला केळीच्या खांबासारखा डुलतो. तापमानाचं भान ठेवा. २५ अंशांना १८ पीएसआय भरलेला बोर्ड उन्हात ५० अंशांपर्यंत तापला तर आतला दाब २०.५च्या वर जातो, आणि शिवण उसवायला ते निमित्त पुरतं. उलट तापलेल्या वाळूवर, ४५ अंशांना भरलेला बोर्ड २८ अंशांच्या पाण्यात टाकला की दाब जवळपास पावणेदोन पीएसआयने उतरतो. म्हणून सावलीत भरा, दहा मिनिटं पाण्यात ठेवा, मग पुन्हा मोजा.

जुना बोर्ड घेताना

वजनकाटा सोबत न्या. कंपनीने ११.५ किलो सांगितलेला कार्बनचा १४ फुटी बोर्ड १४ किलो भरला तर आतल्या थर्माकोलने पाणी प्यायलंय, बोर्ड तिथेच ठेवून या. मग एक नाणं घ्या आणि डेकवर, विशेषतः उभं राहण्याच्या जागेभोवती, हळूहळू ठोकत जा. टणक आवाज अचानक भदभदीत झाला की तिथे वरचा थर सुटलाय. फिन बॉक्सच्या चारही बाजूंना केसाएवढ्या भेगा बघा. व्हेंट स्क्रू (आतली हवा बाहेर सोडायच्या भोकाचा स्क्रू) उघडून वास घ्या. कुबट वास म्हणजे ओल.

आपल्या बोर्डावर ओरखडा पडून आतलं दिसू लागलं तर त्याच क्षणी पाण्याबाहेर या, जागा कोरडी करून टेप लावा. दुरुस्ती नंतर करता येते. आत शिरलेलं पाणी निघायला आठवडे लागतात. उन्हात उभ्या गाडीवर बोर्ड असेल तर साधा व्हेंट सैल करून ठेवा, नाहीतर आतली हवा फुगून थर सोडवते. पाण्यात उतरण्याआधी तो घट्ट करायला मात्र विसरू नका.

पॅडल

मिनिटाला ५० स्ट्रोक धरले तर तासाला ३,००० होतात. ॲल्युमिनियमचं पॅडल ९०० ग्रॅम आणि कार्बनचं ४५० ग्रॅम असेल, तर तासाभरात तुम्ही साडेतेराशे किलो फुकट उचलता. पॅडलवर खर्च करा असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

पात्याचं माप चौरस इंचांत सांगतात. ६५ किलोच्या आत असाल तर ७५ ते ८२, ६५ ते ८० किलोंना ८२ ते ८८, त्यापुढे ८८ ते ९५. लांब पल्ल्यासाठी आपल्या पट्ट्यातलं लहान माप घ्या. पातं मोठं असेल तर पहिले दोन किलोमीटर जोरात जातात, मग स्ट्रोकचा दर चाळिशीखाली येतो आणि खांद्याचा पुढचा भाग ठणकतो. पातं लहान असेल तर ते पाण्यात सटकतं, मागे फेस उठतो, आणि दर ६५च्या वर जाऊनही वेग वाढत नाही.

पातं दांड्याला साधारण १० अंशांत पुढे झुकलेलं असतं. नवखे लोक ते पळीसारखं उलट धरतात, म्हणजे पाणी आपल्याकडे ओढायला खोलगट बाजू. झुकाव नोजच्या दिशेला हवा. तरच पातं पायाशी येईपर्यंत उभं राहतं आणि पाणी वर उचलत नाही. फार ताठ दांडा हिसका थेट खांद्याला देतो. जुनी दुखापत असेल तर थोडा लवचीक दांडा निवडा.

लांबीसाठी उंची अधिक २० सेंटिमीटर इथून सुरुवात करा. खोलगट डेकवर तीन-पाच सेंटिमीटर कमी लागते, हवेच्या जाड बोर्डावर थोडी जास्त. पातं पूर्ण बुडल्यावर वरचा हात कपाळाच्या आसपास हवा. डोक्याच्या वर जात असेल तर पॅडल लांब आहे. पातं बुडवायला कंबरेतून फार वाकावं लागत असेल तर आखूड. महिनाभर कमी-जास्त होणारं पॅडल वापरून आकडा पक्का करा, मगच अखंड दांडा कापा.

कापताना दांड्याला मास्किंग टेपचे दोन वेढे द्या आणि खूण करा. इंचाला ३२ दात असलेलं हॅकसॉचं पातं वापरा, दांडा फिरवत कापा आणि कड पाण्याने ओली ठेवा. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, मास्क लावाच. पहिल्यांदा दोन सेंटिमीटर जास्तच ठेवा. कड २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मूठ हॉट ग्लूने बसवा, एपॉक्सीने नको. हॉट ग्लू हेअर ड्रायरने तापवून पुन्हा सोडवता येतो. ग्लू थंड होण्याआधी जेमतेम दहा-पंधरा सेकंद मिळतात, तेवढ्यात मूठ आणि पातं एका रेषेत आहेत का ते एक डोळा मिटून बघा. सांध्यावर टेप गुंडाळा, म्हणजे दांड्यात पाणी शिरत नाही. एक धोका आहेच: मे महिन्यात बंद गाडीत पॅडल ठेवलं तर हाच ग्लू मऊ पडतो आणि मूठ पाच-दहा अंशांनी फिरते. एक खांदा विनाकारण दुखू लागला तर आधी मुठीची रेषा तपासा.

फिन आणि लीश

जलपर्णी किंवा शेवाळ असलेल्या पाण्यात, उजनीसारख्या जलाशयात, मागे झुकलेली फिन लावा; उभ्या फिनला एक देठ अडकला तरी बोर्ड नांगर टाकल्यासारखा थांबतो. फिन बॉक्समध्ये मागे सरकवली की बोर्ड सरळ जातो, पुढे आणली की पटकन वळतो. एक जादा स्क्रू आणि चकती लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवा.

लीश म्हणजे बोर्ड आपल्याला बांधून ठेवणारी दोरी. सपाट पाण्यात गुंडाळलेली, स्प्रिंगसारखी लीश घ्या, सरळ लीश पाण्यात घासत येते. वाहत्या पाण्यात लीश पायाला बांधू नका. खाडीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असताना डोलजाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांना लीश अडकली, तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो आणि हात घोट्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे कमरेला बांधायची, एका ओढीत सुटणारी लीशच वापरा, आणि ती एका हाताने, डोळे मिटून सोडण्याचा सराव काठावर करून मगच पाण्यात उतरा.