नीडल डिटेक्टर उगाच वाजत होता तेव्हा

नवा नीडल डिटेक्टर (शिवलेल्या कपड्यात सुईचा तुकडा राहिलाय का ते पट्ट्यावरून नेऊन तपासणारं यंत्र) रिकामा पट्टा फिरतानाही वाजायचा. सगळे म्हणाले, सेन्सिटिव्हिटी कमी करा. मला ते पटेना. मग सुईचं तुटकं टोक सुटणारच की! हे यंत्र चुंबकीय क्षेत्रातला बदल पकडतं, म्हणून आधी आजूबाजूला पाहिलं. शेजारून लोखंडी ट्रॉलीची ये-जा चालू, आणि एक पाय अधांतरी असल्यानं यंत्र हलकंसं थरथरत होतं. ट्रॉलीचा रस्ता बदलला, पाय लेव्हल केले. आवाज बंद. मग 1.2 मिमी लोखंडी गोळीचं टेस्ट कार्ड पट्ट्यावर डावीकडे, मध्ये, उजवीकडे, प्रत्येकी तीन उंचींवर फिरवलं. नऊही जागी यंत्रानं गोळी पकडली आणि पट्टा थांबला. कपड्याची पितळी चेन बिनबोभाट जाते, पण तिचा स्लायडर, म्हणजे चेन उघडबंद करणारा सरकता भाग, लोखंडी निघाला की पुन्हा बोंब. असे स्लायडर पुरवठादाराकडून बदलून घेतले.