पहिलं पॉइंट टू-टू घेताना

एनसीसीच्या कॅम्पात पालथं पडून .22 (पॉइंट टू-टू, म्हणजे साधारण 0.22 इंच जाडीची छोटी गोळी) रायफलच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्यातल्या दोन शेजारणीच्या कागदावर लागल्या. नेमबाजीतली माझी पुंजी एवढीच. पुढे ओहायोत स्थिरावल्यावर, ग्रीन कार्ड हातात आल्यावर, शनिवार सकाळसाठी काहीतरी हवं म्हणून .22 च्याच टार्गेट पिस्तुलाकडे वळले. आता ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "पहिलं कोणतं घेऊ?"

त्याआधी कागदपत्रं. एच-वन-बी किंवा एफ-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर जरा थांबा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूकच काय, काडतूसही बाळगायला बंदी आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हेही 'बाळगणं' धरलं जाऊ शकतं. हे वकिलाला विचारा, जेवणाच्या टेबलावरच्या जाणकारांना नको. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात तुमच्या व्हिसाबद्दल सरळ प्रश्न असतो. दुकानातून पिस्तूल घ्यायला वय 21 पूर्ण लागतं, शिवाय राज्याराज्याचे नियम निराळे.

आता पिस्तूल. नवख्यांच्या तोंडी तीन नावं असतात: रुगर मार्क फोर, ब्राउनिंग बक मार्क आणि स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी. तिन्ही 500 डॉलरच्या आगेमागे मिळतात. तिघांचीही नळी जागेवर पक्की असते, गोळी सुटताना हलत नाही, म्हणून या किमतीतही नेम चांगला बसतो. मी महिनाभर रेंजवरची भाड्याची पिस्तुलं चालवून पाहिली आणि मुठीवरून निवड केली. माझा हात लहान. रुगरची मूळ मूठ बरीच तिरकी असते. डोळे मिटून हात उचलला आणि उघडले, की माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) दर वेळी मागच्या खाचेच्या वर दिसायची. त्याच कंपनीच्या 22/45 नावाच्या मॉडेलमध्ये मूठ जास्त उभी आहे, ती माझ्या मनगटाला मानवली. ही डोळे मिटायची युक्ती दुकानात करू नका, विक्रेता घाबरतो. रेंजवर, रिकाम्या पिस्तुलाने, नळी टार्गेटकडे ठेवून करा.

वजनाला घाबरू नका. टार्गेट पिस्तूल एक किलोच्या आसपास भरतं, आणि जड नळी हाताची थरथर शोषून घेते.

भरवशाचं म्हणजे कोणतं, हा खरा प्रश्न. माझं पहिल्याच दिवशी दर दुसऱ्या मॅगझीनला (गोळ्या भरायच्या पेटीला) अडकत होतं आणि मी पिस्तुलाला शिव्या घालत होते. दोष निघाला स्वस्तातल्या 500 गोळ्यांच्या डब्याचा. मोठ्या काडतुसात ठिणगी पाडणारी टोपी बुडाच्या मधोमध असते. .22 चं काडतूस रिमफायर जातीचं, त्यात ठिणगीचा मसाला बुडाच्या पोकळ किनारीत पसरलेला असतो. भरताना एखाद्या जागी तो पातळ राहिला आणि फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) नेमकी तिथेच आदळली, की नुसतं 'टिक'. त्यात गोळी उघड्या शिशाची, वर मेणाचा लेप. दोनशेक गोळ्यांनंतर आत काळा चिकटा साठतो, अगदी चकलीच्या सोऱ्यात राहिलेल्या पिठासारखा.

मग मी चार जातींची पन्नास-पन्नास काडतुसं आणली आणि वहीत रकाने आखले. मॅगझिनांवर नेलपॉलिशने एक, दोन, तीन ठिपके दिले. दोन शनिवारांत कळलं की 40 ग्रेन वजनाची (साधारण अडीच ग्रॅम), जरा जास्त वेगाची गोळी माझ्या पिस्तुलाला पचते, आणि उरलेली सगळी अडवणूक दोन ठिपक्यांच्या मॅगझिनची आहे. ते बदललं, विषय संपला. म्हणून पहिल्या 500 गोळ्यांआधी पिस्तुलाला नावं ठेवू नका.

'टिक' झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं. गोळी उशिरा सुटू शकते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी अजिबात झाडायची नाही. पिस्तूल रिकामं करून नळीत काही अडकलंय का ते बघायचं. इथे घाई करणारे मी पाहिलेत, त्यांच्या शेजारची लेन मी घेत नाही.

सफाईसाठी पिस्तूल कसं उघडतं, हे घेण्याआधीच बघा. रुगरचे मार्क फोरच्या आधीचे अवतार पुन्हा जोडायला भलतेच अवघड म्हणून प्रसिद्ध आहेत. 2016 साली आलेलं मार्क फोर एका बटणावर उघडतं. पण जुनं मार्क फोर घेत असाल तर जून 2017 आधी बनलेल्यांना कंपनीने परत बोलावलं होतं, हे माहीत असू द्या: सेफ्टीचा खटका अर्धवट असताना चाप ओढला तर नंतर खटका हलवताना गोळी सुटण्याचा धोका होता. ती दुरुस्ती झालीय का, ते विचारूनच पैसे द्या. बक मार्कला षटकोनी चावी लागते, आणि वरचे स्क्रू अधूनमधून तपासावे लागतात.

घरच्या सरावासाठी रिकाम्या चेंबरवर (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या खोबणीवर) चाप ओढायचा तर काही .22 पिस्तुलांत पिन चेंबरच्या कडेवर आपटून कड दबते. त्यावर इथल्या लोकांचा तोडगा म्हणजे भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लास्टिकचे चार नंबरचे अँकर. चेंबरमध्ये चपखल बसतात, डॉलरभरात मूठभर येतात. सराव करायच्या खोलीत खरं काडतूस आणायचंच नाही.

गोळ्यांतलं शिसं विषारी असतं, ते मात्र मनावर घ्या, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर. रेंजवरून आल्यावर बूट दाराबाहेर, कपडे वेगळे धुवायचे, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय डब्यातली पोळीसुद्धा नाही. आमच्याकडे सोवळं-ओवळं याच कारणाने परत आलं, असं सासूबाई म्हणतात.

आणि रेंजची बॅग फक्त रेंजची. खिशाच्या शिवणीत अडकलेलं एखादं काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली प्रकरण होतं. 'चुकून राहिलं' हे नंतर वकिलामार्फत सिद्ध करत बसायचं. माझ्या बॅगेला मी लाल रिबीन बांधलीय. सुट्टीसाठी सामान भरायला घेतलं की ती आधी गॅरेजच्या वरच्या फळीवर जाते, आणि किल्ली नवऱ्याकडे.