मॉमसेन वाचायचाय? मग आधी गेटवेला जा

जर्मन इतिहासकार थिओडोर मॉमसेनचं नाव ऐकलं की लोक डायरेक्ट त्याचा रोमचा इतिहास उघडतात, सुरुवातीलाच इटलीतल्या जुन्या टोळ्या, भाषा, शेती वगैरे येतं आणि पुस्तक जे मिटतं ते मिटतंच. माझं ऐका, आधी दगड, पुस्तक नंतर. हा माणूस मुळात शिलालेखवाला, ते डोक्यात बसलं नाही तर त्याचा इतिहास म्हणजे नुसती झोकदार भाषा वाटते.

ओळख परीक्षेपुरती: १८१७ साली श्लेस्विगमधल्या (तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे) गार्डिंगला जन्म, वडील पाद्री, शिक्षण कील विद्यापीठात आणि तेही कायद्याचं. डॅनिश सरकारच्या स्कॉलरशिपवर इटलीला गेला, तिथे सान मारिनोच्या बोर्गेसी नावाच्या शिलालेखतज्ज्ञाकडे लेख वाचायला शिकला. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत राजकारणात पडला, त्यापायी लाइपझिगची प्रोफेसरकी गेली, मग झुरिक, ब्रेस्लाउ आणि शेवटी बर्लिन. १९०२ चं साहित्याचं नोबेल, १९०३ ला वारला. मुलं सोळा, त्यात एवढं लिहायला वेळ कधी मिळाला देव जाणे.

आता कामाचं. रविवार सोडून सकाळी लवकर गेटवेला जा, वही-पेन घेऊन. वर कोरलेला इंग्रजी मजकूर जसाच्या तसा उतरवा, ओळ तुटते तिथे उभी रेघ मारा, झिजलेलं अक्षर असेल तर तसं लिहा, अंदाजाने भरलेलं अक्षर कंसात टाका. नेटवरून कॉपी मारायची नाही, मॉमसेनचा पहिला नियमच तो, दगड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. त्याच्या आधीचे लोक एकमेकांच्या पुस्तकांतून लेख उचलायचे, त्यात सोळाव्या शतकातल्या पिर्रो लिगोरिओसारख्यांनी चक्क खोटे लेख घुसवलेले. मॉमसेनने १८५२ मध्ये नेपल्स राज्यातले लेख छापले तेव्हा संशयास्पद माल वेगळा काढला, आणि १८६३ पासून निघालेल्या लॅटिन शिलालेखांच्या महासंग्रहात खोट्या लेखांच्या नंबरला चांदणी (*) लावलेली असते. तुमच्या वहीतही तशी चांदणी ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या "प्राचीन लेखां"साठी लागेलच.

गेटवेवर काय लिहिलंय? राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी भारतात उतरले त्याची आठवण, तारीख २ डिसेंबर, साल रोमन आकड्यांत एम-सी-एम-एक्स-आय. एम म्हणजे १०००, सी-एम म्हणजे ९००, एक्स १०, आय १, झाले १९११. एवढंच वाचून कोणीही लिहील की इमारत १९११ ची. पण ती खुली झाली १९२४ ला! राजा उतरला तेव्हा ही दगडी कमान नव्हतीच. म्हणजे लेखातली तारीख घटनेची आहे, बांधकामाची नाही. म्हणून वहीत तीन रकाने करा: मजकूर काय, दगड कधीचा, कोरला कोणी आणि कशासाठी. तिसऱ्या रकान्यावर जास्त वेळ घालवा.

ही सवय लागली की तुर्कस्तानात अंकाराला असलेल्या, रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या लेखाकडे वळा, मॉमसेन त्याला शिलालेखांची राणी म्हणायचा. त्याने तो १८६५ ला छापला, मग नव्याने घेतलेले प्लास्टरचे साचे हातात आल्यावर १८८३ ला परत. सम्राट स्वतः बोलतोय, एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या पैशाने सैन्य उभं केलं वगैरे. वाचताना बघा, त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं, अँटनीचं नाव कुठेच नाही, सीझरचा मारेकरी ब्रूटस, त्याचंही नाही. रकाना तीन भरा.

जमलं तर कान्हेरीची लेणी पण करा, तिथेही लेख आहेत, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहे, सोमवारी बंद असतं. ब्राह्मी येत नसेल तरी चालेल, टॉर्च बाजूने तिरपा मारला की अक्षरांच्या कडा कशा उठून दिसतात तेवढं तरी कळेल. खडू, पावडर, पाणी काही लावायचं नाही, आणि कागदाचा ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी पाहिजे, सहलीला जाऊन करायचं काम नाही ते.

मग पुस्तक. डिक्सनचं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, लोकलमध्ये मोबाईलवर आरामात वाचता येतं. सुरुवात ग्राखस बंधूंपासून (गरिबांना जमिनी वाटायला निघालेले रोमचे दोन पुढारी) करा, तिथून सीझरपर्यंत गाडी सुसाट सुटते. तळटीपा शोधू नका, नाहीतच जवळजवळ, सामान्य वाचकांसाठी लिहिलेलं ते. रोमचा वक्ता-पुढारी सिसेरोला तो अक्षरशः धुतो आणि सीझरला डोक्यावर घेतो, तेव्हा हे १८५० च्या दशकात नोकरी गेलेला जर्मन लिबरल लिहितोय हे विसरू नका, सिनेटमधल्या सरदारांवर तुटून पडताना त्याच्या डोळ्यासमोर स्वतःच्या देशातले जमीनदार होतेच. म्हणजे मॉमसेनलाही रकाना तीन लावायचाच. मूळ जर्मनमधला तिसरा भाग संपला की चौथा शोधत बसू नका, सम्राटांवरचा तो भाग त्याने लिहिलाच नाही, डायरेक्ट पाचवा आला १८८५ ला, प्रांतांवर, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी तोच, कारण तिथे दगडांची खरी कमाई दिसते.

आणि वहीचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. १८८० च्या जुलैत मॉमसेनच्या घराला आग लागली, त्यात त्याचे कागद तर गेलेच, लायब्ररीतून उसनी आणलेली हस्तलिखितंही जळाली.