नीतिमत्त्वाची भूक लागत नसेल तर काय करावं

बायबलमधलं मत्तय 5:6 आमच्या दृढीकरणाच्या वर्गात, म्हणजे बाप्तिस्मा झालेली मुलं स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायची तयारी करतात त्या वर्गात, सगळ्यांना तोंडपाठ असतं. जे नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले ते धन्य, कारण ते तृप्त होतील. पाठ झालं की कोणीतरी विचारतंच, "मावशी, पण भूक लागतच नसेल तर?" मी भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळच्या एका प्लायवूडच्या दुकानात हिशेब लिहिते आणि शनिवारी संध्याकाळी मंडळीत हा वर्ग घेते. मुलं हे मनापासून विचारतात, म्हणून उत्तरही करता येईल असं द्यावं लागतं. त्यांना जे करायला सांगते तेच इथे लिहिते आहे. मोठ्यांना ते जास्तच लागू आहे.

आधी ही भूक कशाची, ते कळलं पाहिजे. गाणी चालू असताना अंगावर काटा येतो, डोळे भरून येतात. ते चांगलंच आहे, पण ते निराळं. देवासमोर आपण नीतिमान ठरावं आणि माणसांशी आपलं वागणं सरळ असावं, यासाठी जिवाला लागलेली तळमळ म्हणजे ही भूक. त्यातलं पहिलं आपल्या हातचं नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल स्वतःची सगळी जमेची बाजू मांडतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राप्रमाणे निर्दोष. आणि ख्रिस्तापुढे ती सगळी हानी समजून टाकून देतो. त्याला ख्रिस्तावरच्या विश्वासाने मिळणारं नीतिमत्त्व हवं आहे, आणि ते मिळाल्यावरही तो पुढे धावतोच आहे. "माझं तारण झालंय, आता कसली भूक?" असं कोणी म्हणालं तर त्याला हा अध्याय वाचायला द्या.

आता करायचं काय.

पहिल्यांदा, पोट कशाने भरलंय ते पाहा. घरी ताट वाढलेलं असताना कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन वडापाव खाऊन आलेला माणूस ताटावर नुसता चिवडत बसतो. यशया 55:2 मध्ये देव हेच विचारतो, जे अन्न नव्हे त्यासाठी पैसा का खर्च करता? सकाळी उठून नातेवाइकांच्या ग्रुपवर वचन पाठवलं की भक्ती झाल्यासारखं वाटतं. आजोबा पाळक होते, आपण कमिटीवर आहोत, नाताळच्या गायनात पहिल्या रांगेत उभे असतो, यानेही पोट भरतं. सगळ्यात लवकर पोट भरतं ते दुसऱ्याच्या पापाने. उपासना संपल्यावर आवारात उभं राहून अमक्याच्या मुलीचं आणि तमक्याच्या दारूचं बोलून झालं, की आपलं बरं चाललंय असं वाटायला लागतं. लूक 18 मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून देवाला हेच सांगत होता.

एक आठवडा यातलं एक बंद करा. सगळं नको, एकच. रिकाम्या झालेल्या वेळात स्तोत्र 119 घ्या. 176 वचनं आहेत, आठ-आठ वचनांचे 22 भाग. रोज एक भाग, मोठ्याने. घरात गर्दी असेल तर बसमध्ये खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत वाचा, तेही चालतं. हे स्तोत्र लिहिणारा देवाच्या निर्णयांसाठी माझा जीव झुरतो म्हणतो, आणि अगदी शेवटच्या वचनात मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलोय, मला शोध, असंही म्हणतो. भुकेला माणूस असाच बोलतो. त्याच्याकडून बोलायला शिका.

दुसरं काम जड आहे, आणि माझ्या मते खरी भूक इथेच लागते. एका माणसाचं नाव कागदावर लिहा, ज्याचं तुम्ही काही देणं लागता. "प्रभू, मला चांगलं कर" ही प्रार्थना इतकी मोघम असते की उत्तर मिळालं की नाही तेही कळत नाही. नाव लिहा, आणि पैशाचा मामला असेल तर रक्कम लिहा. कामाला येणाऱ्या ताई चार दिवस तापाने पडल्या तेव्हा पगार कापला होता का? भाडेकरूने खोली सोडल्यावर रंगकामाचं निमित्त करून डिपॉझिटमधले पैसे ठेवून घेतले का? नात्यातल्या एका माणसाशी बोलणं टाकलंय, आणि का टाकलं ते खरं सांगितलं तर आपलीच बाजू लंगडी पडते, असं काही आहे का?

बहिणीचं हक्कसोडपत्र हा तर आपल्या घरांत न काढायचा विषय. आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर आईवडिलांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा त्यात सारखाच. तरीही "माहेर तुटायला नको" म्हणून कितीतरी बहिणी सही करून मोकळ्या होतात आणि भाऊ रविवारी दान-थैलीत पाकीट टाकतो. सही कायद्याने पक्की असेल. पण बहिणीला नीट समजावून सांगितलं होतं का, तिला नाही म्हणायची मोकळीक होती का, हे प्रभू विचारणारच. लूक 19 मधल्या जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू येशू गेला तेव्हा जक्कयाने भावना सांगितल्या नाहीत, आकडा सांगितला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत.

स्थळं बघतानाही हेच. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी "मूळचे कोण?" हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. ज्याला नीतिमत्त्वाची भूक हवी आहे त्याने हा प्रश्न आजच सोडावा. मी हे वर्गात बोलते आणि काही पालकांना ते आवडत नाही. तरी बोलणार.

नाव लिहून झालं की मत्तय 5:23-24 उघडा. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणून प्रभुभोजनाच्या रविवारच्या आत हे काम उरका. मोबाइलवर हात जोडलेलं चित्र पाठवून भागवू नका. फोन करा, जमलं तर समोर जा. पैसे द्यायचे असतील तर पैसेच द्या. आणि पुढच्या उपासनेत साक्ष म्हणून ते सांगू नका. मत्तय 6:1 त्यासाठीच आहे.

करायला जाल तेव्हा कळेल की होत नाही. फोन हातात घेतल्यावर मन वकिली सुरू करतं: तीही मला बोलली होतीच, आता इतकी वर्षं झाली, पैसे मुलाच्या फीला लागणार आहेत. इथेच थांबा, पळू नका. काय बरोबर ते स्वच्छ दिसतंय आणि हात पुढे होत नाही, ही अवस्था फार मोलाची आहे. माणूस इथेच ख्रिस्ताकडे मागायला शिकतो. दार लावा आणि आहे तसं सांगा: "प्रभू, काय द्यायचं ते माहीत आहे. सुटत नाही. तुझं नीतिमत्त्व माझ्यावर घाल आणि माझा हात उघड." मग परत फोन उचला.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मी इथे सांगते. पोटाची भूक काय असते ते त्यांना माहीत होतं. 1874 मध्ये दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. 1883 मध्ये इंग्लंडात वॉन्टेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परत येऊन शारदा सदन काढलं आणि 1890 मध्ये ते मुंबईहून पुण्यात आणलं. विद्वत्ता, धैर्य, विधवांसाठी उभं केलेलं घर. बघणाऱ्याला त्यांच्यात काय उणं दिसलं असतं? पण बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. एवढं नाव झालेल्या बाईने हे उघड म्हणावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. ख्रिस्त मिळाल्यावर काय झालं तेही बघा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन वाढलं. म्हणून वर्गातल्या मुलांना मी दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन यायला सांगते. सहल म्हणून नको, एक दिवस काढून शांतपणे.

उपास करायचा असेल तर यशया 58 वाचून करा, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे त्याच दिवशी कोणाच्या तरी ताटात गेले पाहिजेत. लेंतातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी दुपारचं जेवण सोडलं आणि संध्याकाळी साबुदाणा वड्यावर ताव मारला, तर यशयाला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

काही जणांनी मात्र नाव लिहिण्याचं काम करू नये. काही माणसं आधीच रात्र-रात्र स्वतःचे दोष मोजत असतात. एकाच पापाची क्षमा पुन्हा पुन्हा मागतात आणि मिळाली असं त्यांना कधीच वाटत नाही. त्यांना भूक भरपूर आहे, पंगतीला बसायची भीती वाटते. त्यांनी यादी फाडून टाकावी आणि 1 योहान 1:9 व लूक 18:13-14 एवढंच वाचावं, महिनाभर, दुसरं काही नाही. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल तर डॉक्टरांनाही दाखवावं. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. पाळकसाहेबांशी बोलायचं तर रविवारी दारात हात मिळवताना ते होत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ मागून घ्या. एकटीने जायला संकोच वाटला तर भगिनी मंडळातल्या कोणाला तरी बरोबर न्या.