मॅक्रो लेन्स घेताना आणि वापरताना या चुका टाळा

लेन्सवर 'मॅक्रो' असं छापलंय म्हणून ती मॅक्रो लेन्स होत नाही. ७०-३०० मिमीच्या कित्येक झूमवर हा शब्द असतो आणि त्या १:२ किंवा १:४ च्या पुढे जात नाहीत. खऱ्या मॅक्रोला १:१ लागतं, म्हणजे एक सेंटिमीटरचं फूल सेन्सरवरही एक सेंटिमीटरचंच उमटतं. कास पठारावरची सीतेची आसवे किंवा दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती टिपायची असेल तर दुकानात हा आकडा विचारा.

बजेट कमी असेल तर ५० मिमीच्या लेन्समागे एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधलं पोकळ कडं) लावून आधी हात बसवा. ट्यूब मात्र विजेच्या कॉन्टॅक्टवाली घ्या, नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सवर प्रकाश आत घेणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही.

फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा ६० किंवा १०० मिमी हा आकडा, निवडताना लोक फक्त किंमत बघतात, याचा मला खरोखर राग येतो. १:१ ला ६० मिमी लेन्सचं तोंड विषयाच्या अगदी नाकाशी जातं, १०० मिमीला साधारण तेरा-चौदा सेंटिमीटर जागा मिळते. फुलांना ६० चालते. पण आंबोलीत जुलैच्या एका रात्री एक नवखा मुलगा ६० मिमी घेऊन फांदीवरच्या मलबारी चापडा सापाकडे सरकत होता. डोळा फ्रेममध्ये भरत नाही म्हणून अजून पुढे, अजून पुढे. चापडा विषारी आहे आणि अंगातली उष्णता ओळखून नेम धरतो. मी त्याला बॅगेच्या पट्ट्याला धरून मागे खेचलं. सापाचा फोटो १०० किंवा १५० मिमीने लांबून काढा आणि घरी क्रॉप करा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

आता माझी सगळ्यात जुनी तक्रार: 'सगळं शार्प हवं' म्हणून एफ ३२ लावणं, म्हणजे छिद्र अगदी बारीक करणं (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान).

ओळखीतला एकजण कासहून आला तो लेन्स विकायलाच काढून. "पीसच खराब आहे, सगळे फोटो मऊ येतात." फोटो उघडले. दवबिंदूच्या केसांवरचे चिकट थेंब, ज्यांच्या कडा काचेसारख्या दिसायला हव्यात, ते सगळे पुसट. माहिती बघितली तर प्रत्येक फोटो एफ ३२. टेबलावर दहा रुपयांचं नाणं ठेवलं, ट्रायपॉड लावला आणि त्याच लेन्सने एफ ८, ११, १६ आणि ३२ वर फोटो काढायला लावले. एफ ८ ला नाण्यावरचे बारीक ओरखडे मोजता येत होते, ३२ ला अक्षरांच्या कडाही विरघळल्या होत्या. लेन्स ठणठणीत होती.

छिद्र फार लहान केलं की प्रकाश पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. त्यात १:१ ला अ‍ॅपर्चर साधारण दोन स्टॉपने (एका स्टॉपला प्रकाश निम्मा) आणखी लहान झाल्यासारखं वागतं, म्हणजे लावलेलं १६ हे ३२ सारखं. निकॉनच्या मॅक्रो लेन्सवर स्क्रीनवरचा आकडा जवळ जाताना बदलतो, कॅननवर बदलत नाही, म्हणून अनेकांना पत्ताच लागत नाही. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरवर, १:१ ला एफ ८ वर शार्प पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा मिळतो. तो एक मिलिमीटर कुठे ठेवायचा हे ठरवणं म्हणजेच मॅक्रो. मी एफ ८ ते ११ च्या पुढे जात नाही आणि कीटकाच्या डोळ्याला सेन्सर समांतर धरतो. जास्त खोली हवी असेल तर फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून ते एकत्र जोडा, पण वाऱ्यात हलणाऱ्या पानावर त्याचा नाद सोडा.

ऑटोफोकस बंद ठेवा. फोकसची रिंग एका जागी ठेवून स्वतः मागेपुढे व्हा.

फ्लॅशला डिफ्यूजर लावा, निदान ट्रेसिंग पेपर तरी. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश वापरत असाल तर हूड काढा, नाहीतर फोटोत त्याचीच सावली पडते.

किडा हलू नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवणारे, बेडूक उचलून देखण्या पानावर बसवणारे लोक आहेत. हे करू नका. बेडकाची त्वचा सगळं शोषून घेते आणि तुमच्या हाताला डास पळवणारं मलम लागलेलं असतं. आंबोली टोड तर जगात फक्त आंबोलीच्या परिसरातच सापडतो. तो जिथे बसलाय तिथेच गुडघे चिखलात टेकून फोटो घ्या, पण खाली आधी टॉर्च मारून बघा, दुसरा कोणी चिरडत तर नाही ना.

पावसाळ्यात एसी गाडीतून थेट बाहेर कॅमेरा काढला की लेन्सच्या काचेवर धुकं धरतं. सारखं पुसत बसू नका. पोहोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून गाडीच्या काचा खाली करा.