दारू सोडायची आहे, पण मीटिंग भरते कुठे? खेड्यातून गटापर्यंत कसं पोहोचावं

दारू सोडायचं मनाने घेतलं आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या गटाच्या मीटिंगला जायचं ठरवलं की विदर्भातल्या खेड्यातल्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. मीटिंग भरते कुठे? आणि तिथे जाताना कोणी पाहिलं तर? यातला दुसरा प्रश्नच जास्त जणांना घरी बसवतो.

पण त्याआधी प्रकृतीचं बघा. सकाळी घोट घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नसेल, चहाची बशी खडखडत असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम दारू तोडू नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, घरात नसलेली माणसं दिसतात. ही बाहेरची बाधा नव्हे, त्यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाला मांत्रिकाकडे नाही, दवाखान्यात न्या. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना खरं सांगा: रोज किती, मोहाची की देशी, शेवटची कधी घेतली. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, तिथे हे सांगायला जीभ अडखळते. तरी सांगा. डॉक्टर तिथे औषध द्यायला बसलेले असतात, पोलिसांत द्यायला नाही.

घरच्यांना इथेच एक कळकळीची विनंती. दारू सोडवायची पुडी त्याच्या नकळत भाजीत कालवू नका. त्यात अनेकदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम खाली येऊन जिवावर बेतू शकतं. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत आणि त्या माणसाच्या संमतीनेच द्यायचं असतं.

आता गट शोधू. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांची संघटना. ती 1935 साली अमेरिकेत सुरू झाली. फी नाही, नोंदणी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाला विचारा, गट कुठे भरतो हे त्यांना बहुधा माहीत असतं. गडचिरोलीत दारू-तंबाखूमुक्तीसाठीच्या मुक्तिपथ अभियानाच्या तालुका क्लिनिकमध्ये चौकशी करा. गावात कोणालाच विचारायची हिंमत नसेल तर शेतातून फोन लावा. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस 14416 आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, दोन्ही मोफत आहेत.

गटाचा नंबर मिळाला की निघण्याआधी बोलून घ्या. वार कोणता, वेळ काय, मीटिंग खुली आहे की बंद? खुल्या मीटिंगला घरचं माणूस सोबत चालतं, बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता, हे डेपोतून पक्कं करा. मीटिंग बहुतेक संध्याकाळी असते, आणि एसटी चुकली की काळीपिवळीची वाट पाहण्यात माणूस नेमका नको त्या दुकानासमोर उभा राहतो. माझं मत विचाराल तर पहिली मीटिंग आपल्या तालुक्याची धरूच नका. शेजारच्या तालुक्याची धरा, तीही जमलं तर तिथल्या आठवडी बाजाराच्या दिवशी. हातात पिशवी असली की कुठे गेला होता हे कोणी विचारत नाही.

आत गेल्यावर काय होतं? खोली साधीच असते, शाळेची, चर्चची नाहीतर समाजमंदिराची. एकेक जण पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो, भाऊ" एवढं म्हटलं तरी चालतं. शेवटी वर्गणीची थैली फिरते, नव्या माणसाने काही टाकलंच पाहिजे असं नाही. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं, तुमचंही आणि दुसऱ्याचंही. उठण्याआधी दोघा-तिघांचे फोन नंबर तेवढे घ्या. पोळ्याच्या करीला किंवा लग्नाच्या वरातीत कोणी गिलास पुढे केला की तेव्हा तेच कामी येतात.

एका मीटिंगवरून गट जोखू नका, चार-पाच वेळा जाऊन बघा. मध्येच पुन्हा प्यालात तरी पुढच्या वारी जा. तिथे बसलेल्यांपैकी अनेकांचं असं झालेलं असतं.

वहिनी, भाऊ यायला तयार नसेल तर त्याच्यासाठी थांबू नका. कुटुंबांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. नवरा पीत असतानाही तिथे जाता येतं.

आणि पंचक्रोशीत गटच नसेल तर? ए.ए.च्या परंपरेप्रमाणे दारूमुक्तीसाठी एकत्र आलेली दोन-तीन माणसंही गट होऊ शकतात. जुन्या गटातल्या कोणाला सुरुवातीच्या मीटिंगांना यायची विनंती करा, शाळेची एक खोली मागा. वार आणि वेळ मात्र एकदा ठरली की कापूस वेचणीच्या धांदलीतही बदलू नका, कारण नवा माणूस कधी येईल सांगता येत नाही आणि त्याला दाराला कुलूप दिसता कामा नये.